फरशी कुणी बसवली

पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत ह्यांनी सहा फरश्या बसवल्या आणि सहाच्या सहा डगमगत होत्या. मी चहा घेऊन आले, दारातून पहिल्याच फरशीवर पाय टाकला, तर ती एका अंगाने उचलली गेली आणि निम्मा चहा बशीत सांडला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ह्यांना तेच जास्त लागलं.

“हसू नकोस,” हे म्हणाले.

“मी कुठं हसले?”

“तोंडानं नाही हसलीस.”

ह्याला आता वीस वर्षं होत आली. आम्ही तेव्हा बार्शीत राहायचो, मी अजूनही तिथंच असते, त्याच घरात. हे एसटी डेपोत मेकॅनिक. बाहेरच्या खोलीतली शहाबादी फुटून फुटून अशी झाली होती की खाटेच्या एका पायाखाली कायमची वीट होती. मी वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा कुठं नव्या फरश्या घरात आल्या. पण ठरलेला गवंडी पुण्याला मोठ्या कामावर निघून गेला आणि दुसरा नुसता उद्या येतो, परवा येतो करत राहिला. मग ह्यांचं डोकं फिरलं. अख्खं इंजिन खाली उतरवून परत चढवणारा माणूस मी, मला घरातल्या फरश्या बसवता येऊ नयेत? असं म्हणून बुधवारपर्यंतची रजा टाकली. मार्गशीर्ष चालू होता. शेवटच्या गुरुवारी माझ्याकडे सात सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. त्यांनी नव्या फरशीवर बसावं, एवढी माझी हौस. त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणजे हातात सहा दिवस होते.

सुगंधाला मीच बोलावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःलाच बऱ्याच वेळा सांगून बघितलं की ती आपण होऊन घुसली. तसं नव्हतं. मी संध्याकाळी मागच्या गल्लीत तिच्या दारात गेले आणि म्हटलं, बाई, तुझ्या दाजींनी घरात सहा झोपाळे बांधून ठेवलेत, जरा येऊन बघ.

सुगंधा माझी मैत्रीण. बालवाडीत मदतनीस होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी सोलापूरला नर्सिंगच्या होस्टेलवर. रोज पहाटे आम्ही दोघी दुधाला बरोबर जायचो, उन्हाळ्यात पापड बरोबर लाटायचो. तिचे सगळे ब्लाउज मी शिवायचे. शिवणकाम हा माझा धंदा होता आणि हातही चांगला होता माझा, मापाची टेप न लावता कापड कापायचे मी. सुगंधाचे वडील लातूरकडचे, फरशीकाम करणारे गवंडी. लग्न होईपर्यंत ती त्यांच्या कामावर घमेली वाहायची, एवढं मला माहीत होतं.

शनिवारी बालवाडी सुटल्यावर ती आली. पदर खोचला, सहा फरश्यांकडे बघितलं, हसली नाही. मोरीतून तांब्या भरून आणला आणि सगळं पाणी त्यांच्यावर ओतलं. पाणी सावकाश खाटेखाली गेलं आणि तिथं तळं करून बसलं.

ह्यांनी लगेच लेव्हलपट्टी पुढे केली. बघा म्हणाले, बुडबुडा बरोबर मध्ये आहे.

“बुडबुड्याला काय दाजी, त्याला खोली धुवायची नाही,” सुगंधा म्हणाली.

आणि हे हसले. खो खो हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले तेव्हा. पण हसता हसता मनात आलं, लग्नाच्या एकोणीस वर्षांत माझ्या बोलण्यावर हा माणूस असा कधी हसला होता? मी तशी मुकी नाही. माझं बोलणं ऐकायला चार बाया ब्लाउजचं निमित्त काढून येतात.

सुगंधाने सहाच्या सहा फरश्या उचलल्या, खालचा सिमेंट-वाळूचा ओला माल खरवडून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाण्याने भरलेली नळी घेऊन दोघांनी चारी भिंतींवर पेन्सिलीने खुणा केल्या. दाराकडे किती ढाळ द्यायचा ते तिने ठरवलं. दोरी ताणली. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये अख्खी माझी खोली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. त्या दिवशी मला बरंच वाटत होतं खरं म्हणजे. काम मार्गी लागलं, गुरुवारची काळजी मिटली.

रविवारपासून मला ते डोळ्यात खुपायला लागलं.

झालं काय, की हे तिला विचारायला लागले. एवढंच. माल एवढा पातळ चालेल का? ही कड आधी घेऊ की ती? इथं अर्धी फरशी कापावी लागेल, मग ती भिंतीकडे ठेवायची की खाटेखाली? आणि ती सांगायची ते हा माणूस ऐकायचा. मान खाली घालून, कान देऊन. आमच्या घरात हे नवीन होतं. ह्यांना मी विचारलं की आज भाजी काय करू, तर म्हणायचे काहीही कर. मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं, ते स्वतः ठरवून येऊन सांगितलं. माझी शिलाई मशीन बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी एकोणीस वर्षं होती, पण हे कसं कापलंस गं, असं एकदा त्या मशीनशी उभं राहून विचारलं नव्हतं.

त्यात आणखी हाक. शनिवारी ती सुगंधाबाई होती. रविवारी दुपारी नुसती बाई झाली. सोमवारी सकाळी मी मोरीत भांडी घासत होते तेव्हा कानावर आलं, “सुगंधा, दोरी धर जरा.” माझ्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. म्हटलं, अस्सं. दोन दिवसांत बाई गळून पडली.

मी मनाला समजावत होते बरं का. ती त्यांना दाजी म्हणते. माझी धाकटी बहीण असावी तशी आहे. दार सताड उघडं असतं, येणारेजाणारे बघत असतात, हात सिमेंटने भरलेले असतात, गुडघे सोलून निघालेत दोघांचे. ह्यात कसलं काय. सगळं खरं होतं आणि तरी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तिला तहान लागली तर हात खराब म्हणून हे उठून माठातलं पाणी घेऊन आले. हे! जेवताना पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी मला भरून दे म्हणणारे.

सोमवारी दुपारी मी पदर खोचून बाहेर आले आणि म्हटलं, मीही एक बसवते. माझंच घर आहे.

हे म्हणाले, अगं तुला नाही जमायचं, मशीनचं काम कर. सुगंधा मात्र सरकून बसली आणि थापी माझ्या हातात दिली. माल कसा पसरायचा ते दाखवलं, वरून सिमेंटचं पाणी किती, ते दाखवलं. मी फरशी ठेवली, रबरी हातोड्याने ठोकली, दोरीला लावून बघितली. दिसायला अगदी बरोबर होती. मला वाटलं, एवढंच ना ह्यात?

सुगंधाने वाकून बोटाच्या पेराने टकटक केलं. एका कोपऱ्यात पोकळ वाजलं. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि हे तिच्याकडे. एका क्षणाचंच बघणं होतं ते. दोघांनाही कळलं होतं आणि मला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न त्यात होता.

“राहू दे, छान बसलीय,” सुगंधा म्हणाली.

तिने हे म्हणायला नको होतं. पोकळ आहे, उचल म्हणाली असती तर मी उचलली असती, दुसऱ्यांदा बसवली असती. मी आत गेले, कामापुरत्या स्वयंपाकघरात हलवलेल्या मशीनवर बसले, आणि पाठीमागे थोड्या वेळाने तीच फरशी हलक्या हाताने उचलल्याचा आवाज ऐकला. दोघंही हळू आवाजात बोलत होती, मला ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्याच घरात माझ्यापासून लपवण्यासारखं काहीतरी त्या दोघांचं झालं होतं, मग ती एक फरशी का असेना. शिवत होते ते ब्लाउज त्या दिवशी वाकडं गेलं.

मंगळवारी मी तिला कान तुटलेल्या कपात चहा दिला. सांगायला लाज वाटते, पण दिला. घरात धड कप नव्हते असं नाही. फळीवर मागे पडलेला तो कप मी मुद्दाम शोधून काढला, धुतला आणि तिच्यापुढे ठेवला. ह्यांनी बोलता बोलता तो कप आपल्याकडे ओढला आणि आपला तिच्याकडे सरकवला. बोलणं चालूच, जणू काही झालंच नाही. सुगंधाने ते बघितलं, मीही बघितलं. तिने चहा अर्धाच घेतला.

बुधवारी तिन्हीसांजेला काम संपलं. शेवटची राहिली होती ती दारातली, उंबऱ्याला लागून. ती बसवून दोघं बाहेर पायरीवर बसली आणि आत बघत राहिली. फिकट बदामी रंगाची फरशी होती, सांधे सरळ रेघेत, दिव्याचा उजेड पार कोपऱ्यापर्यंत पसरला होता. खोली खरंच मोठी दिसायला लागली होती. दोघंही काही बोलत नव्हती. मी आतून बघत होते. त्यांचं हसणं, बोलणं, पाणी आणून देणं, सगळं मी सोसलं होतं, पण ते दोघांचं गप्प बसणं माझ्याच्याने सोसवेना. आपण काहीतरी केलं, असं तोंडावर घेऊन माणसं बसतात, तशी ती बसली होती. माझ्याबरोबर हे असे कधी बसले नव्हते.

गुरुवारी सकाळी हे डेपोत निघाले. बूट घालताना म्हणाले, “संध्याकाळी सुगंधाला बोलव हं. तिचंच आहे सगळं.”

तिचंच आहे सगळं. दिवसभर माझ्या कानात तेच. घट मांडला, पोथी वाचली, पुरण वाटलं, आणि प्रत्येक कामाला तेच. मी सातही घरी जाऊन बोलावणं केलं. मागच्या गल्लीत गेले नाही. मनाशी म्हटलं, हळदीकुंकवाचं बोलावणं विधवेला द्यायचं नसतंच, त्यात मी काय वेगळं करतेय? रीतच आहे ती. मला त्या दिवशी ती रीत फार सोयीची पडली. एरवी माझा तसल्या गोष्टींवर विश्वास होता असंही नाही. पापडाच्या वेळी, दिवाळीच्या फराळाला, घरातल्या सत्यनारायणालासुद्धा सुगंधा माझ्या घरात सगळीकडे पुढे होती.

पाच वाजता बाया आल्या. सतरंजीवर बसायच्या आधी प्रत्येकीने खाली बघितलं. कुणी वाकून हात फिरवला. देशमानेकाकू सगळ्यांत वयाने मोठ्या, त्यांनी खोली चारी बाजूंनी न्याहाळली आणि विचारलं, “कुणी बसवली गं फरशी? गवंडी चांगला दिसतोय.”

“गवंडी कुठला काकू,” मी म्हटलं, “ह्यांनीच बसवली. एकट्यांनी.”

आणि बघते तर दारात सुगंधा.

न्हाऊन आली होती. गेल्या दिवाळीतली हिरवी साडी नेसली होती, ब्लाउज माझ्याच हातचं. हातात नारळ होता. मागाहून कळलं, ह्यांनी डेपोत जाताना रस्त्यातच तिला सांगितलं होतं, संध्याकाळी ये, उज्ज्वला बोलवायला येईलच. तिने माझी वाट बघितली असेल, मग म्हटलं असेल, ताई कामात असतील. तिने चपला काढल्या. एकट्यांनी हा शब्द तिने ऐकला की नाही, हे मला तिच्या तोंडावरून कळलं नाही. पण पाय उचलून उंबऱ्यापर्यंत आणलेला होता.

“सुगंधा,” मी म्हटलं, “आज सवाष्णींचं आहे गं. आजच्या दिवस पाऊल नको.”

 एकीने कुंकवाचं बोट तसंच हवेत धरलं होतं. मला अजून सांगता येतं, की ते बोलल्यावर पहिल्यांदा काय वाटलं. थंड वाटलं. पाच दिवस पोटात जे पेटलं होतं, त्यावर कुणी पाणी ओतलं असं. पाच दिवस ती त्या खोलीत मालकिणीसारखी वावरली होती, आणि मी एका वाक्यात तिला दाराबाहेर उभी केली होती.

सुगंधाने पाय मागे घेतला. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, खाली होते, उंबऱ्याशी.

“ताई, दारातली ही फरशी अजून ओली आहे,” ती म्हणाली. “बायांना कडेनं जायला सांगा.”

नारळ पायरीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

मी बायांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर सुगंधाला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं. येतानाची पावलं फरशीनं सोसली होती, पण साती जणी ओटी भरून पुन्हा त्याच फरशीवरून गेल्या. देशमानेकाकूंच्या पायाखाली ती एका कडेने बोटभर खाली बसली. त्या म्हणाल्या, अगंबाई. मी म्हटलं, काही नाही काकू, चालायचंच.

हे सात वाजता आले. दारात फरशीवर पाय पडला, थांबले, खाली बघितलं. मग पायरीवरचा नारळ बघितला. बूट न काढता खाटेवर बसले. मी आपण होऊन सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतंच काही, सात तोंडं होती गावात फिरायला.

“दारातून परत पाठवलीस?”

“सवाष्णींचं होतं.”

“पाच दिवस ती ह्या खोलीत गुडघ्यांवर होती. तेव्हा नव्हतं काही?”

मग माझा बांध फुटला. काय काय बोलले मी. सुगंधाबाईची सुगंधा कधी झाली, ते बोलले. पाण्याचं बोलले, कपाचं बोलले, पोकळ फरशीचं बोलले. म्हटलं, एकोणीस वर्षं तुमच्या घरात मशीन चालवतेय मी, तुम्ही एकदा तरी माझ्याशेजारी असे बसलात? एकदा तरी विचारलंत, हे कसं करतेस? तिला पाच दिवसांत पन्नास वेळा विचारलंत. माझं हे भोपळ्याएवढं डोकं काय नुसतं वेणी घालायला आहे का? बोलताना मी रडत होते आणि रडताना कुंकू गालावर आलं होतं.

हे ऐकत होते.  मी थांबले तेव्हा त्यांनी मान वर केली.

“नाही विचारलं,” हे म्हणाले. “खरं आहे तुझं. आणि तिच्याबरोबर काम करताना मला बरं वाटत होतं, हेही खोटं नाही. जाणत्या माणसाबरोबर काम करताना वाटतं तसं.”

मी पदराने गाल पुसला.

“पण हे मला म्हणायचं होतंस, उज्ज्वला. भांडण माझ्याशी होतं. ते तिच्या कपाळावर का काढलंस?”

ते उठले, बूट काढले, हातपाय धुतले आणि पुरणपोळी न खाता नुसता आमटीभात जेवले. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या गल्लीत गेले. बरोबर हळदीकुंकवाची कोयरी, खण, नारळ. मनात पक्कं केलं होतं की आपल्या हाताने तिला कुंकू लावायचं. मला वाटत होतं, मी केवढी मोठी गोष्ट करतेय. तिचे डोळे भरून येतील, ती ताई म्हणून गळ्यात पडेल, इथपर्यंत रस्त्यातच माझं ठरलं होतं.

सुगंधा बालवाडीत निघायच्या तयारीत होती. बस म्हणाली, पाट दिला. मी माफी मागितली, जशी जमेल तशी. तुझ्यावर जळले, असंही म्हटलं. ती ऐकून घेत होती.

“ताई, मला दाजींचं काही नको होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे गं.”

“नाही माहीत तुम्हाला. बारा वर्षं मी बापाच्या कामावर घमेली वाहिली. सगळं बघून शिकले, पण त्यानं कधी थापी हातात दिली नाही. पोरीच्या हातानं बसवलेली फरशी कोण घेईल म्हणायचा. तुमच्या घरात पाच दिवस मला कुणी विचारलं, आता काय करायचं. माझं काम मला विचारलं. तेवढंच होतं ते.”

मी ऐकत होते आणि एकेक शब्द माझा होता. हेच तर मी काल संध्याकाळी रडून सांगितलं होतं ह्यांना. दोघी एकाच भुकेच्या, आणि मी तिच्या पुढचं ताट उचललं होतं.  मी कोयरी उघडली, बोटावर कुंकू घेतलं आणि तिच्या कपाळाकडे हात नेला.

तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

“आज नको, ताई. काल बायांसमोर होतं ते. आज इथं बघायला कोण आहे?”

मी बोट पदराला पुसलं. ती म्हणाली, उशीर होतोय, मुलं येतील. दोघी बरोबरच बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो आणि मग ती तिकडे वळली.

पुढे काय व्हायचं ते झालं. रस्त्यात भेटली की बोलायची, मुलाची चौकशी करायची. दुधाला वेगळ्या वेळी जायला लागली. ब्लाउज दुसरीकडे टाकायला लागली. दोनेक वर्षांत तिने बालवाडी सोडली आणि फरश्या बसवायची कामं घ्यायला लागली. आधी लोक हसले, मग बोलवायला लागले. आमच्या स्वयंपाकघरासाठी तेव्हाच आणलेल्या फरश्या खोक्यात तशाच राहिल्या. ह्यांनी त्यांना हात लावला नाही, आणि सुगंधाला बोलवा असं म्हणायची माझी टाप नव्हती. दारातली ती फरशी पावलागणिक हलायची. मी एकदा म्हटलं, तेवढी एक नीट करा. हे म्हणाले, “मला जमायचं नाही ते.” आणखी एक गोष्ट झाली, ती बाहेरच्या कुणाला दिसली नसेल. ह्यांनी पुन्हा माझ्यासमोर कुठल्या बाईचं कौतुक केलं नाही. सुनेच्या हातच्या भाकरीचंसुद्धा नाही. माझ्याकडे बघा, एवढं मी एकदाच मागितलं होतं, आणि मला ते असं मिळालं.

पुढच्या मार्गशीर्षात मी ठरवलं होतं, सुगंधाला बोलवायचं, सातींच्या समोर. कोपऱ्यापर्यंत गेलेही. देशमानेकाकू उठून गेल्या तर? बाकीच्या आल्याच नाहीत तर? परत फिरले. मग मी हळदीकुंकूच बंद करून टाकलं. गावात माझ्याबद्दल म्हणायला लागले, काशीदबाई पुढारलेल्या विचारांच्या, असल्या गोष्टी मानत नाहीत. महिला मंडळात एकदा टाळ्याही वाजल्या माझ्यासाठी. मी काही बोलले नाही.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. सकाळी अंघोळ करून येऊन खाटेवर बसले आणि तसेच कलंडले. दहा वाजेपर्यंत खोली माणसांनी भरली. ह्यांना खाली निजवलं होतं, बाया भोवती बसल्या होत्या. देशमानेकाकूही होत्या, आता पार वाकलेल्या. मी भिंतीला टेकून बसले होते.

दारात सुगंधा आली. कामावरूनच आली असावी, साडीला सिमेंट होतं. सोळा वर्षांत ती आमच्या घरात आली नव्हती. तिने चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. टोमण्याने नाही, अगदी साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं, “ताई, आत येऊ का?”

दोघीतिघींनी मान वर केली. त्यांना आठवत होतं की नव्हतं, देव जाणे. मला आठवत होतं.

“ये,” मी म्हटलं.

ती आली. ह्यांच्या पायांना हात लावला, माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझा हात आपल्या खरखरीत हातात घेतला. तिचे डोळे भरले होते. माझा नवरा समोर निजवलेला, आणि मी मेली तिच्या तोंडाकडे बघत होते, ही किती रडतेय ते.